डॉ. रखमाबाई : खटल्यानंतरची पस्तीस वर्षे

रखमाबाईंचे नाव निघाले की मराठी वाचकाला मुंबई उच्च न्यायालयातला तो गाजलेला खटला आठवतो. अजाणत्या वयात लावून दिलेल्या लग्नाचा नवरा, त्याच्या घरी नांदायला जाण्यास ठाम नकार देणारी तरुणी, आणि नांदायला जा किंवा तुरुंगात जा असा न्यायालयाचा हुकूम, एवढे चित्र शालेय पुस्तकांपासून चित्रपटापर्यंत सर्वत्र रंगवले गेले आहे. त्यापुढची हकीकत मात्र बहुधा एका वाक्यात आटोपली जाते : पुढे त्या विलायतेला गेल्या व डॉक्टर झाल्या. हिशेब करून पाहिला तर खटला चालला चार वर्षे, आणि सुरत व राजकोट येथील त्यांची रुग्णसेवा चालली सुमारे पस्तीस वर्षे. त्या पस्तीस वर्षांत त्यांनी केलेले काम खटल्यातल्या नकाराहून वेगळे नव्हते. बाईच्या शरीराबद्दल बोलण्याचा पहिला हक्क त्या बाईचा, हे तत्त्व त्यांनी आधी न्यायालयात मांडले आणि मग आयुष्यभर रुग्णालयात राबवले.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत सुतार जातीच्या कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग यांचे निधन झाले तेव्हा त्या जेमतेम अडीच वर्षांच्या होत्या. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. सहा वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी झाला. पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता जयंतीबाईंनी त्याआधीच मुलीच्या नावे करून दिली. पुढच्या खटल्यात या मालमत्तेची छाया अखेरपर्यंत राहिली.

सावत्र वडील लाभले ते मात्र असामान्य होते. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, औषधी वनस्पतींचे जाणकार आणि 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. वैद्यकाचे ज्ञान इंग्रजी पुस्तकांतच अडकून पडू नये म्हणून गर्भधारणा, प्रसूती आणि विवाहजीवन यांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले. ज्या विषयांची घराघरांत कुजबुजच होत असे, ते विषय या घरात छापील अक्षरांत मांडले जात होते.

तरीही रूढीचा रेटा या घराला चुकला नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या नातलग तरुणाशी लावून देण्यात आले. जावयाने सासऱ्याच्या घरी राहावे, शिकावे आणि चांगला माणूस व्हावे, अशी अपेक्षा होती. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाईंना ऋतुप्राप्ती झाली. तत्कालीन रिवाजानुसार मुलीला न्हाण आले की गर्भाधान उरकायचे. मुलीची पहिली पाळी ही तिची खासगी बाब नसे. तिचा मखर मांडला जाई, ओटी भरली जाई, आणि ती आता नवऱ्याच्या स्वाधीन होण्यास योग्य झाली असा त्याचा अर्थ आप्तेष्ट लावत. डॉ. सखाराम अर्जुन यांनी येथे विरोध केला. ऋतुप्राप्ती झाली म्हणून बारा वर्षांच्या मुलीचे शरीर मातृत्वाला तयार झाले असे होत नाही, हे डॉक्टर या नात्याने त्यांना ठाऊक होते. त्यांनी गर्भाधानास संमती दिली नाही.

या एका निर्णयाने रखमाबाईंचे आयुष्य वाचले असे म्हणण्यास हरकत नाही. दादाजींना शिक्षणात गोडी लागली नाही. ते मामाच्या घरी राहावयास गेले, त्यांची प्रकृतीही ढासळली. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती, तेव्हा मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून त्या घरीच वाचू लागल्या. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. वय वाढले, समज वाढली, आणि न विचारता गळ्यात बांधलेला हा संबंध आपल्याला मान्य नाही, हे त्यांच्या मनात पक्के झाले.

1884 च्या मार्चमध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीची मागणी केली आणि नकार मिळताच न्यायालयात दावा लावला. दाव्याचे नाव होते वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. 1885 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. जिथे वैवाहिक संबंध कधी सुरूच झाला नाही, तिथे पुनःस्थापना कशाची करावयाची, आणि असहाय बालवयात लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन होण्यास न्यायालयाने भाग कसे पाडावे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. दावा फेटाळला गेला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या सहीने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. हा सारा आनंद पाहण्यास डॉ. सखाराम अर्जुन मात्र उरले नव्हते. एप्रिलमध्येच त्यांचे निधन झाले होते.

निकालाने सनातनी वर्गात खळबळ उडाली. केसरीने रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. बेहरामजी मलबारी आणि इतर सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अपिलात 1886 मध्ये निकाल फिरला आणि खटला पुन्हा चालवण्याचा आदेश झाला. अखेर 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास भोगण्याचा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

या तारखेला आणखी एक संदर्भ आहे. हुकूम होण्याच्या आठवडाभर आधीच पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे क्षयाने निधन झाले होते. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेली ही तरुणी एकाही रुग्णालयाची सूत्रे हाती घेण्याआधीच गेली. डॉक्टर बाई मिळेल म्हणून आशेने पाहणाऱ्या मराठी समाजाच्या हातून एकाच पंधरवड्यात एक डॉक्टर निसटली, आणि जिने पुढे डॉक्टर व्हायचे होते ती तुरुंगाच्या दारात उभी राहिली.

तुरुंगाची वेळ आली नाही. प्रकरण वरच्या पातळीवर लांबले, आणि 1888 मध्ये दोन हजार रुपये स्वीकारून दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई मोकळ्या झाल्या. पण मोकळ्या होऊन करायचे काय, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर मुंबईतच तयार होत होते.

त्या काळी हिंदुस्थानातल्या स्त्रीचे आजारपण हा मोठा पेच होता. पुरुष डॉक्टरने पडदानशीन स्त्रीला तपासणे बहुतेक घराण्यांना मान्य नव्हते. डॉक्टर आलाच तर पडद्याआडून पुढे केलेल्या हाताची नाडी पाहायची आणि बाकीची लक्षणे नवऱ्याने, सासूने किंवा दासीने सांगायची, असा प्रकार चाले. ताप, खोकला, पोटदुखी या गोष्टी निदान सांगता तरी येत. पण अंगावरून फार जाते, पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही, गुठळ्या पडतात, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे सासऱ्याच्या किंवा दिराच्या तोंडून डॉक्टरपर्यंत कसे पोचावे? ते पोचतच नसे. पाळी आली की बाई बाहेर बसे. स्वयंपाकघर, देवघर आणि विहीर तिला बंद होई. ती कधी बाहेर बसली आणि कधी आत आली याकडे साऱ्या घराचे लक्ष असे, पण तिच्या अंगातून किती रक्त गेले, याची नोंद कोणी ठेवत नसे.

विसंगती अशी की ज्या पाळीचा पहिल्या वेळी मखर मांडून गाजावाजा केला जाई, तीच पाळी पुढे दुखणे बनली की तिच्याविषयी मौन पाळले जाई. मुलीचे शरीर नवऱ्याच्या हवाली करताना जो विषय चारचौघांत बोलायला चालत असे, तोच विषय त्या शरीराला औषध देण्याची वेळ आली की लाजेचा ठरे. मग बाई दुखणे अंगावर काढी. महिन्यामागून महिना रक्त जाई, चेहरा पांढराफटक पडे, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे, आणि त्यातच नवे गरोदरपण येई. अशा रक्तहीन स्त्रीला बाळंतपणातला थोडासा जादा रक्तस्रावही झेपत नसे. मृत्यूचे कारण मग बाळंतपण म्हणून सांगितले जाई. आधीची कित्येक वर्षे कोणी मोजत नसे.

या स्थितीची जाणीव 1880 च्या दशकात वाढत गेली. मुंबईत अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणण्याकरिता निधी उभारला. त्यातून 1883 च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या आणि 1886 मध्ये स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने देशव्यापी निधीही स्थापन झाला. एडिनबरो विद्यापीठात स्त्रियांना वैद्यकाचे दार उघडावे म्हणून लढलेल्या पहिल्या सात जणींपैकी एडिथ पीची एक. दार बंद होणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. रखमाबाईंचा कल त्यांनी ओळखला आणि त्यांना वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्याचा आग्रह धरला. लोकांनी पैसे जमवले. इंदूरचे महाराज शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. ज्या तरुणीवर वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार होत होता, तिच्या नावे एका संस्थानिकाने उघडपणे देणगी द्यावी, याला त्या काळी धैर्य लागत होते.

1889 मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही संस्था 1874 मध्ये सुरू झालेली. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन त्या वेळी तिच्या प्रमुख होत्या. रुग्णांवरील प्रत्यक्ष शिक्षण रॉयल फ्री रुग्णालयात होई. शाळा अर्धवट सुटलेल्या आणि घरच्या घरी शिकलेल्या पंचविशीतल्या स्त्रीला शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत सारे परक्या भाषेत शिकायचे होते. त्यांनी ते केले. 1894 मध्ये त्या वैद्यकाच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि मायदेशी परतल्या. 1895 पासून सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या.

सुरत हे जुने, व्यापारी, चालीरीती घट्ट धरून असलेले शहर. तेथील स्त्रियांनी रुग्णालय नावाच्या वास्तूत पाऊल टाकायचे तर अनेक भिंती ओलांडाव्या लागत. शिवाशीव, परक्या हातचे पाणी, बाळंतिणीला वाऱ्यापासून जपण्याच्या कल्पना, आणि दवाखान्यात जाणारी बाई परत येत नाही ही भीती. रखमाबाईंच्या बाबतीत तर आणखी एक अडचण होती. नवऱ्याला नाकारलेली बाई म्हणून त्यांचे नाव त्यांच्याआधीच सर्वत्र पोचले होते.

त्या काळातली एक आठवण आवर्जून सांगितली जाते. बाळंतपणासाठी बायका रुग्णालयात येईनात, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तिचे बाळंतपण तेथे सुखरूप पार पाडले. शेळी आणि करडू धडधाकट आहेत हे आसपासच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि मग एकेक जण येऊ लागली. या हकिकतीत डॉक्टरांच्या कामाची पद्धत दिसते. व्याख्यान देऊन भीती जात नाही, आणि भित्र्या माणसाला अडाणी म्हटल्याने तर ती वाढते. रखमाबाईंनी भीतीला नावे ठेवली नाहीत. बायकांना पटेल असा पुरावा समोर ठेवला.

शेळीच्या पाठोपाठ बाळंतिणी आल्या, आणि बाळंतिणींच्या पाठोपाठ इतर दुखणी आली. स्त्रियांच्या डॉक्टरकडे बाळंतपणाच्या निमित्ताने आलेली बाई दाराशी थांबून हळूच दुसरे काही विचारते, हा आजही प्रत्येक कुटुंबवैद्याचा अनुभव आहे. त्या दुसऱ्या विचारण्यात अतिरक्तस्रावाची तक्रार वरच्या स्थानावर असते. ती ऐकून घेणारे कोणी समोर असणे, हाच त्या काळी उपचाराचा निम्मा भाग होता.

कारण उरलेला निम्मा भाग फार तोकडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा रुग्णाला डॉक्टर काय देऊ शकत असे, हे पाहिले म्हणजे त्या पिढीच्या कामाची कल्पना येते. गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून अर्गट, रक्त भरून यावे म्हणून लोहाच्या गोळ्या, पूर्ण विश्रांती, सकस आहार, आणि गरज पडली तर गर्भाशयाचे अस्तर खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया. रक्तगटांचा शोध लागला तो 1901 मध्ये. तोपर्यंत रक्त देणे म्हणजे जिवाशी खेळ होता. गर्भाशयाच्या आतले दाखवणारी सोनोग्राफी नव्हती. मोठ्या गाठींसाठी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होती, पण तिच्यात दगावण्याचा धोका मोठा. स्त्रीबीजांडातले संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले ते 1929 मध्ये, म्हणजे रखमाबाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना. त्यांची सारी कारकीर्द या औषधांच्या आधीची आहे.

साधने इतकी अपुरी असताना डॉक्टरचे मुख्य हत्यार म्हणजे प्रश्न. किती दिवस जाते, किती वेळा कपडा बदलावा लागतो, रात्री उठावे लागते का, गुठळ्या पडतात का, मागचे बाळंतपण केव्हा झाले, मध्येच कधी डाग दिसतो का, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले का. या प्रश्नांच्या उत्तरांतून गर्भपात, गर्भाशयातली गाठ, वयोमानाने बिघडलेले चक्र आणि कर्करोग यांच्या वाटा वेगळ्या होत जातात. हे प्रश्न विचारायचे तर रोग्याशी एकांत हवा, भाषा हवी, आणि लाज मोडेल इतका विश्वास हवा. स्त्रियांच्या रुग्णालयात स्त्री डॉक्टर असण्याचे खरे मोल येथे होते. आपल्या शरीराची हकीकत तेथे बाई स्वतःच्या तोंडाने सांगू शकत होती. ज्या डॉक्टरने आपल्या देहाचा निवाडा नवऱ्याच्या, नातलगांच्या आणि न्यायाधीशांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकला होता, तिला रोग्याने स्वतः बोलण्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागले नसेल.

सुरतेतील ती वर्षे सोपी नव्हती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि गुजरातेतही पसरला. पाठोपाठ शतकाच्या अखेरीस छप्पनचा भीषण दुष्काळ आला. अशा काळात रखमाबाई आपल्या जागेवर टिकून राहिल्या. सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन त्यांच्या सेवेची दखल घेतली. सुरतेच्या लोकांनी त्याहून मोठी दखल घेतली : त्या रुग्णालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले. नवरा टाकलेली बाई म्हणून ज्या नावाची कुचेष्टा झाली होती, त्याच नावाच्या इमारतीत सुरतच्या लेकीसुना बाळंतपणाला जाऊ लागल्या.

1904 मध्ये दादाजींचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाईंनी पांढरे वस्त्र धारण केले, असे सांगितले जाते. ज्या विवाहाला त्यांनी कधीच मान्यता दिली नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का स्वीकारावे, असा प्रश्न अनेकांना पडला आहे. सुधारकांना ते खटकले, सनातन्यांना त्यात आपला विजय दिसला. पण ज्यांच्या घरात जाऊन त्यांना रोज काम करायचे होते, त्या विधवा आणि सधवा स्त्रियांच्या दृष्टीने पांढऱ्या साडीतली डॉक्टर ही ओळखीची, आपल्यातली बाई होती, हेही तितकेच खरे. ज्यांची दुखणी लपलेली होती, त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट त्यांच्या चालीरीतींतूनच जात होती. रखमाबाईंनी पुन्हा विवाह केला नाही.

1918 च्या सुमारास स्त्रियांच्या सरकारी वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले. त्यांनी ते नाकारले आणि काठेवाडातील राजकोट येथे संस्थानी प्रदेशातल्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. पन्नाशी उलटलेली होती. मोठ्या सेवेतला हुद्दा सोडून पडद्यातल्या स्त्रियांचे जनाना रुग्णालय त्यांनी पसंत केले. काठेवाडातील दरबारी घराण्यांत पडदा सुरतेहून कडक होता. राजकोटमध्ये त्यांनी रेडक्रॉसचेही काम उभे केले. सुमारे बारा वर्षे तेथे काढून 1930 च्या आसपास त्या निवृत्त झाल्या व मुंबईला परतल्या.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. पहिल्या पत्रांपासून या पुस्तिकेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. पहिली पत्रे लिहिणारी वीस वर्षांची मुलगी स्वतःच्या दुःखाबद्दल बोलत होती. पुस्तिका लिहिणाऱ्या डॉक्टरपाशी पस्तीस वर्षांत पाहिलेल्या हजारो अंधाऱ्या खोल्यांचा अनुभव होता. पडद्याने अब्रू राखली जाते की नाही हा वाद इतरांनी घालावा. हवा, उजेड आणि वेळेवर औषध पडद्यामुळे बाईपर्यंत पोचत नाही, हे डॉक्टरला दिसत होते.

त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादातूनच 1891 चा संमतिवयाचा कायदा पुढे आला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले. आज ही वाढ किरकोळ वाटते. पण न्हाण आले म्हणजे मुलगी तयार झाली, या समजुतीला कायद्याने प्रथमच उघड आव्हान दिले, ते त्या वेळी. डॉ. सखाराम अर्जुन यांनी आपल्या घरात जे केले होते, ते पंधरा वर्षांनी देशाच्या कायद्यात उतरू लागले.

25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी मुंबईत रखमाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. ज्या हक्काअभावी त्यांनी चार वर्षे न्यायालयात काढली, तो हक्क कायद्याच्या पुस्तकात आलेला पाहूनच त्या गेल्या.

त्यांच्या हाती नव्हती अशी कितीतरी साधने आज तालुक्याच्या गावातल्या कुटुंबवैद्याकडेही आहेत. रक्तातील हिमोग्लोबिन काही मिनिटांत कळते, थायरॉइड तपासता येते, सोनोग्राफीत गाठ दिसते. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या आहेत, संप्रेरकांची औषधे आहेत, गर्भाशयात बसवून काही वर्षे काम करणारे संप्रेरकयुक्त साधन आहे. त्यामुळे पूर्वी ज्यांचे गर्भाशय काढावे लागले असते अशा कितीतरी स्त्रियांची शस्त्रक्रिया टळते. पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेला रक्ताचा डाग एक दिवसही दुर्लक्षू नये, हे आता प्रत्येक डॉक्टर जाणतो. आणि किती रक्त गेले म्हणजे जास्त, याचे मापही बदलले आहे : ज्या पाळीने बाईचे रोजचे जगणे अडते, ती पाळी जास्त, असे आजचे वैद्यक मानते. म्हणजे मोजमाप पुन्हा त्या बाईच्याच सांगण्यावर येऊन थांबले आहे.

पण ती सांगायला हवी. चार दिवस कामाला सुट्टी घेणारी, अंधारी आली तर उपवासाला दोष देणारी, आईचेही असेच होते म्हणून गप्प राहणारी बाई आजही घरोघरी आहे, आणि सगळे रिपोर्ट हाती असूनही तिला हे न विचारणारे डॉक्टरही आहेत. रखमाबाईंनी खटल्यात मिळवले ते स्वतःपुरते होते. रुग्णालयात त्यांनी जे उभे केले ते इतरांसाठी होते : दार लोटून घेतलेली एक खोली, समोर बसलेली डॉक्टर, आणि आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगणारी बाई. त्या खोलीत गेल्या पिढ्यांतल्या कित्येक स्त्रियांचे प्राण वाचले. त्यांची नावे कोणत्याही खटल्याच्या कागदपत्रांत सापडणार नाहीत.